संस्थेच्या सभा आणि कार्यक्रमांचे फोटो: सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या एका सामाजिक संस्थेत तुम्ही काम करता, फोटोग्राफी कधी शिकलेल्या नाहीत, हाताशी १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळते ती; १८ वर जास्त जागा मावते, ५५ वर दृश्य जवळ येतं) लावलेला साधा कॅमेरा आहे. कार्यकारिणीच्या बैठका, वार्षिक सभा आणि दोन महिन्यांवर आलेला रौप्यमहोत्सवी कार्यक्रम, या सगळ्याचे फोटो आता तुमच्याकडे सोपवले आहेत. काय शिकायचं, कोणत्या क्रमाने, आणि नवी लेन्स घ्यायची का, हे तुम्हाला हवं आहे. ठाणे, वाशी, बेलापूर या पट्ट्यात मी बरीच वर्षं संस्थांच्याच कार्यक्रमांचे फोटो काढते आहे, लग्नाची कामं घेत नाही. त्यामुळे प्रश्न अगदी माझ्या कामाचा आहे आणि उत्तर लांबणार आहे.

आधी हे फोटो कोण पाहणार ते मनाशी नक्की करा. त्या रात्री ग्रुपवर पडलेले फोटो दोन दिवसांत वर सरकून जातात. खरा उपयोग नंतरचा आहे: वार्षिक अहवालात, देणगीदाराला जाणाऱ्या पत्रात, आणि पुढे सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढायला बसलेल्या माणसाच्या टेबलावर. आपल्याकडच्या संस्था चिवट असतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झालं आणि आजही चालू आहे. तेव्हा पंचवीस वर्षांनंतरचा तो संपादक काल्पनिक समजू नका. तो तुमच्या कार्यक्रमाला नव्हता, तेव्हाचे निम्मे लोक त्याला ओळखू येणार नाहीत. त्याला फोटोतून कळलं पाहिजे की हे कुठे चाललंय, कशासाठी, कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय. कुठे उभं राहायचं, काय चौकटीत घ्यायचं, कुठला फोटो ठेवायचा, हे प्रश्न मी याच माणसाला समोर ठेवून सोडवते.

म्हणून तुमचं पहिलं शिक्षण कॅमेऱ्याचं नाही, कार्यक्रमपत्रिकेचं आहे. ती आदल्या दिवशी मागून घ्या आणि सूत्रसंचालन करणाऱ्या व्यक्तीसोबत दहा मिनिटं बसा. दीपप्रज्वलन कोण करणार, समई मंचावर की मंचाखाली, सत्कार किती आणि कोणाचे, पुरस्कार घेणारे लोक कुठे बसलेले असतील, कोणी पाहुणे अर्ध्यातून निघणार आहेत का, स्मरणिकेचं प्रकाशन भाषणांआधी की नंतर. मंचावर बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि पद एका कागदावर लिहून खिशात ठेवा. ही दहा मिनिटं दिलीत तर कार्यक्रमात तुमची धावाधाव होणार नाही, कारण प्रत्येक क्षणाच्या आधी तुम्ही जागेवर पोचलेल्या असाल. सूत्रसंचालकाला तेव्हाच एक विनंती करून ठेवा: सन्मानचिन्ह हातात दिल्यावर लगेच पुढचं नाव पुकारू नका, दोन श्वास थांबा. बहुतेक जण आनंदाने ऐकतात.

सभागृहात तासभर आधी पोचा आणि रिकाम्या खुर्च्यांमधून एकदा हिंडा. पंखे कुठे आहेत, फ्लेक्सवरचं संस्थेचं नाव खुर्च्यांवर बसलेल्यांच्या डोक्यांमागे झाकलं जातंय का, पोडियम मंचाच्या कोणत्या टोकाला आहे, ते पाहा. पोडियम फ्लेक्सच्या बाहेर गेलं असेल तर बोलणाऱ्याच्या मागे नुसता काळा पडदा येतो आणि फोटोतून कार्यक्रम ओळखता येत नाही. सरकवायला सांगा. कार्यक्रम सुरू झाल्यावर ते कोणी सरकवणार नाही.

आता कॅमेरा. पुस्तकात ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड, आकडा लहान तितकं ते मोठं), शटर (उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) असा त्रिकोण शिकवतात आणि तिघांना सारखंच महत्त्व देतात. आपल्या कामात शटर आधी. माणसं बोलताना हात हलवतात, मान वळवतात, टाळ्या वाजवतात, आणि घरी गेल्यावर फोटो वाया गेलेला दिसतो तो बहुतेकदा हलल्यामुळे. बोलणाऱ्या माणसाला सेकंदाचा १/१२५ भाग हा किमान वेग धरा. टाळ्या, बक्षीस घेणं, मंचावर चढणं यासाठी १/२००. ऐकत बसलेल्या लोकांना १/६० सुद्धा चालतो. किट लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडून ठेवा आणि उरलेली सगळी भरपाई आयएसओकडून घ्या, १६००, ३२००, गरज पडली तर ६४००. फोटोत दाणे दिसतील. दिसू देत. दाणेदार पण स्थिर चेहरा अहवालात छापता येतो, हललेला चेहरा कशानेच दुरुस्त होत नाही. कॅमेऱ्यात रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, मोठी फाइल) आणि जेपेग (नेहमीची, छोटी फाइल) दोन्ही एकदम साठवायची सोय असेल तर ती चालू करा. जेपेग त्याच रात्री पाठवायला, रॉ पुढच्या छपाईसाठी.

दिव्यांबद्दल एक गोष्ट भारतातल्या नवशिक्याला कोणी सांगत नाही, कारण शिकवणारे बहुतेक व्हिडिओ परदेशातले असतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/२५० किंवा १/५०० वर गेलं की एक फोटो उजळ, पुढचा काळपट, किंवा एकाच फोटोत आडवे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० वर पट्टे जवळजवळ नाहीसे होतात. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा संस्थेच्या कार्यालयात मी हात न हलवणाऱ्या माणसासाठी १/१०० वरच राहते. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बैठकीत फार मोहात पाडतं, पण अशा दिव्यांखाली पट्टे सर्वांत जास्त त्यातच दिसतात. सुरुवातीलाच एक-दोन फोटो काढून मोठे करून पाहा.

हल्ली फ्लेक्सऐवजी मंचामागे मोठी एलईडी भिंत असते. तिचं लुकलुकणं विजेच्या तालावर नसतं, म्हणून तिथे १/१०० चा उपाय दर वेळी लागू पडेल असं नाही. साधं यांत्रिक शटर वापरा, वेग थोडा खाली आणून पाहा, आणि भिंत चालवणाऱ्या मुलाला तिचा उजेड कमी करायला सांगा. तसं न केल्यास मागची भिंत पांढरी फटक आणि चेहरे निळसर काळे, अशी अवस्था होते. प्रोजेक्टरचीही एक खोड आहे. काही प्रोजेक्टर लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक टाकतात. वेगवान शटरमध्ये पडद्याचा एकच रंग सापडतो आणि स्लाइड अर्धी हिरवी दिसते. तिथे १/६० किंवा त्याहून सावकाश.

फ्लॅश? सोसायटीच्या किंवा कार्यालयाच्या पांढऱ्या, बुटक्या छताच्या खोलीत बाहेरून लावायचा फ्लॅश छताकडे वळवून मारला तर फार सुंदर, मऊ उजेड मिळतो. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह अशा ठिकाणी छत उंच आणि काळोखात असतं, तिथे छताकडे मारलेला फ्लॅश परतच येत नाही. तिथे मंचावरच्या दिव्यांवर भागवायचं. आणि कॅमेऱ्यावरचा तो छोटा उघडणारा फ्लॅश भाषण चालू असताना वापरू नका. सभागृहात त्याचा उजेड लांब पोचत नाही, पण बोलणाऱ्याचं लक्ष मात्र दर वेळी मोडतं.

नाट्यगृहात आणखी एक अडचण येते. मंचावर लख्ख उजेड आणि आजूबाजूला मिट्ट काळोख असल्यामुळे कॅमेरा सगळा हिशेब काळोखावर करतो आणि चेहरे पांढरे उडवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, उणे एककडे न्या, चेहरा मोठा करून पाहा, पटलं की मॅन्युअलवर टाकून तेच आकडे धरून ठेवा. मंचावरचा उजेड भाषणभर सहसा बदलत नाही, मग कॅमेऱ्याला दर वेळी नव्याने विचार करायला का लावायचं?

बोलणाऱ्याचा फोटो हा सगळ्यात जास्त काढला जाणारा आणि सगळ्यात जास्त फसणारा. अगदी समोर उभं राहिलात तर माइक तोंडावर येतो. माइक ज्या बाजूने आलाय त्याच्या विरुद्ध बाजूला जा, तीस-चाळीस अंशांत, जिथून दोन्ही डोळे दिसतात आणि हनुवटी मोकळी राहते. मग कॅमेरा डोळ्याला लावून भाषण ऐका. हो, खरंच ऐका. प्रत्येक वक्त्याची लय असते. कोणी मुद्द्यावर येताना बोट वर करतं, कोणी वाक्य संपल्यावर क्षणभर श्रोत्यांकडे पाहतं, कोणी विनोद सांगण्याआधी स्वतःच हसतं. पहिल्या दोन मिनिटांत ही लय कळते आणि मग नेमका क्षण आधी ओळखता येतो. शब्दाच्या मध्यात काढलेल्या फोटोत तोंड वेडंवाकडं येतं. वाक्य संपतं तिथे चेहरा शांत आणि डोळे जिवंत असतात. कागदावरून वाचणारे वक्ते असतील तर धीर धरा. टाळ्या पडल्या की ते हमखास मान वर करतात.

दीपप्रज्वलनात सगळे समईकडे वाकलेले असतात, म्हणून उभ्याने काढलेल्या फोटोत फक्त डोक्याचे मागचे भाग येतात. मंचाखाली असाल तर तिथूनच, मंचावर असाल तर गुडघ्यावर बसून, ज्योत आणि चेहरा एका चौकटीत येईल अशा कोनातून काढा. पंख्याच्या वाऱ्याने वात विझण्याचा प्रकार नेहमीचा आहे. समईजवळचा पंखा आधीच बंद करून घ्या. राष्ट्रगीत किंवा राज्यगीत असेल तर एखादा फोटो सुरू होताना, जिथे उभ्या आहात तिथूनच. त्यानंतर कॅमेरा खाली आणि तुम्हीही सावधान.

सत्काराबद्दल जरा थांबून सांगते, कारण संस्थेतल्या लोकांना आयुष्यभर जपून ठेवावासा वाटतो तो हाच फोटो. पस्तीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी पहिल्यांदा मंचावर बोलावलेलं असतं. शाल घालताना ती आधी डोक्यावरून येते, चेहरा झाकला जातो, देणाऱ्याचे हात आडवे येतात. तेव्हा थांबायचं. शाल खांद्यावर बसते, देणाऱ्याचे हात अजून खांद्यावर असतात, आणि घेणारा माणूस मान वर करून त्याच्याकडे पाहतो. फोटो तिथे आहे. ते अर्धं सेकंद असतं. त्यानंतर श्रीफळ आणि सन्मानचिन्ह घेऊन दोघं समोर वळतात, तो दुसरा फोटो, सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्यात असलेला. दोन्ही काढा. घरच्या भिंतीवर दुसरा जातो, स्मरणिकेत पहिला शोभतो. उभं राहायचं ते सत्कार घेणाऱ्याच्या चेहऱ्याच्या बाजूने. पाहुणे मोठे असतात, त्यांचे फोटो आणखी पन्नास ठिकाणी निघतात. या माणसाचा फक्त तुम्ही काढणार आहात.

त्याच वेळी घरचे लोक मोबाइल घेऊन मंचासमोर गर्दी करतात. त्यांच्यावर ओरडू नका, त्यांचा तो हक्कच आहे. "काका, मी एक काढते आणि लगेच तुम्हाला जागा देते," एवढं म्हटलं की लोक बाजूला होतात, आणि शब्द दिल्याप्रमाणे खरंच जागा द्या.

आता श्रोते. हौशी फोटोंमध्ये सर्वांत मोठी उणीव इथे असते: मंचाचे दोनशे फोटो आणि सभागृहाचे दोन. पण संस्था म्हणजे समोर बसलेली माणसं. वही घेऊन टिपणं काढणारी शिक्षिका, नातवंडाला मांडीवर घेऊन ऐकणाऱ्या आजी, मागच्या रांगेत हाताची घडी घालून उभे असलेले कार्यकर्ते, चहाच्या थर्मासजवळ कप मांडणारे हात. हे टिपायला मंचाकडे पाठ करावी लागते आणि नवशिक्याला त्याचं धाडस होत नाही. प्रत्येक भाषणात निदान दोन-तीन मिनिटं मंचाकडे पाठ करायची, असा नियमच घाला. हिंडायचं ते पंगतीत वाढणाऱ्यासारखं, सगळ्यांपर्यंत पोचायचं आणि कोणाच्या मध्ये यायचं नाही. बाजूच्या वाटेने जा, वाकून जा, गडद साधे कपडे घाला, पायांत आवाज न करणारी चप्पल घाला.

आपल्याकडे पुढची रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवतात आणि ती पुष्कळदा अर्धी रिकामी राहते. बाजूने, लेन्स ५५ वर नेऊन तिरकस काढलंत तर रांगा जवळ आलेल्या दिसतात आणि रिकाम्या खुर्च्या डोळ्यांत भरत नाहीत. यात गैर काही नाही. पण माझं ठाम मत आहे की पूर्ण सभागृहाचा, मागच्या दारातून घेतलेला, जसा आहे तसा एक तरी फोटो नोंद म्हणून ठेवायचाच. साठ लोक आले असतील तर साठ दिसू देत. गर्दी भासवणारा फोटो सहाशेच्या दाव्याखाली छापला गेला, तर उद्या संस्थेच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

कार्यकारिणीची बैठक याहून अवघड आहे. मंच नाही, समारंभ नाही, टेबलाभोवती आठ माणसं, पाण्याच्या बाटल्या, फाइली आणि फरसाणाच्या बश्या. आधी टेबल आवरा, निदान बाटल्या तरी खाली ठेवा. सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटांत भरपूर फोटो काढा, म्हणजे लोकांना आवाजाची आणि तुमच्या वावराची सवय होते. मग कॅमेरा खाली ठेवून बसा. ज्या विषयावर मतभेद आहेत तो निघाला की माणसं पुढे झुकतात, चष्मे काढतात, एकमेकांच्या डोळ्यांत पाहू लागतात. बोलणाऱ्यापेक्षा त्याला ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर बैठक जास्त दिसते. बोलणाऱ्याच्या खांद्यावरून समोरच्याचा चेहरा घ्या. टेबलाच्या टोकाला उभं राहून १८ वर काढलेल्या फोटोत कडेची माणसं ताणलेली, रुंद दिसतात. कडेला चेहरे येऊ देऊ नका, दोन पावलं मागे जा आणि २४-२८ च्या आसपास राहा.

याच बैठकीत एक जबाबदारीही आहे. आजचे कॅमेरे इतके बारकाईने टिपतात की टेबलावरचा कागद मोठा करून वाचता येतो. बँकेचं खातं, धनादेश, लाभार्थ्यांची यादी, कोणाचा आधार क्रमांक. बाहेर पाठवण्याआधी प्रत्येक फोटोतले कागद, फळा आणि लॅपटॉपचा पडदा मोठा करून तपासा.

वार्षिक सभेचं वेगळं गणित आहे. तुमच्या संस्थेखेरीज तुम्हाला राहत्या सोसायटीतही कोणीतरी बोलावणारच, म्हणून सांगते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे सप्टेंबरातल्या रविवारी घोडबंदर रोडपासून नेरुळपर्यंत सभाच सभा असतात. गणपूर्ती (कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी) झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करून मग घेतात. तो अर्धा तास रिकाम्या खुर्च्यांवर घालवू नका, सहीच्या रजिस्टरपाशी उभ्या राहा. सही करणारे हात, एकमेकांना भेटणारे शेजारी, हाताशी असलेला सर्वांत जिवंत प्रकाश दारातच असतो. सभेत हात वर करून ठराव मंजूर होतो तो फोटो नक्की हवा, आणि तो मंचाच्या बाजूने काढायचा, म्हणजे हात आणि चेहरे दोन्ही येतात. भांडण जुंपलं तर मी कॅमेरा खाली ठेवते. तावातावाने बोलणाऱ्या माणसाचा गोठवलेला चेहरा इतिवृत्ताला काही देत नाही, आणि त्या माणसाला त्याच इमारतीत पुढची वीस वर्षं राहायचं असतं.

संमतीचा भाग टाळू नका. कार्यक्रमाच्या सुरुवातीला सूत्रसंचालकाकडून एक वाक्य म्हणवून घ्या: फोटो काढले जात आहेत, कोणाला नको असल्यास आम्हाला सांगावं. सांगितलं त्याचा फोटो काढायचा नाही, कारण विचारायचं नाही. तुमची संस्था मुलांसोबत काम करत असेल तर पालकांची लेखी संमती हवी. बालगृहातली मुलं, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं, यांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे, आणि तिथे चेहरा टाळून काढायचं: चित्र रंगवणारे हात, पाठमोरी रांग, फळ्यावरचं अक्षर. वाटपाच्या कार्यक्रमात देणगीदाराचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, असा फोटो मी काढत नाही. दोघांना एका पातळीवर, बोलताना घ्या. वही घेणाऱ्या मुलीला तो फोटो मोठेपणी सापडला तर तिला कसं वाटेल, एवढा विचार पुरतो.

समूहफोटोसाठी कार्यक्रम संपण्याची वाट पाहू नका. आभारप्रदर्शन झालं की अर्धे लोक स्टेशनची रिक्षा पकडतात. चहाच्या आधी घोषणा करून घ्या. जिना मिळाला तर उत्तम, सावलीतला जिना सर्वांत उत्तम. दोन-तीन रांगा असतील तर ॲपर्चर ५.६ ते ८, फोकस पहिल्या रांगेतल्या मधल्या चेहऱ्यावर, आणि लागोपाठ सहा-सात फोटो, कारण तीस माणसांत कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. चष्म्यावर दिवा चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा.

पावसाळ्याचं एक. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की वातानुकूलित सभागृहातून बाहेर आल्याबरोबर लेन्सवर धुकं बसतं आणि नेमका बाहेरचा समूहफोटो जातो. दहा-पंधरा मिनिटं आधी कॅमेरा पिशवीत बंद करून बाहेर आणून ठेवा, तसाच बाहेरच्या हवेइतका गरम होऊ द्या. घरी कॅमेरा कपाटात कोंडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत काचेवर बुरशी धरते.

कार्यक्रमानंतरचं काम कोणी शिकवत नाही आणि स्मरणिकेच्या संपादकाला तारतं ते हेच. त्याच रात्री कार्डावरचे फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा, तोवर कार्ड पुसायचं नाही. स्थानिक वृत्तपत्राला बातमी जाणार असेल तर तीन-चार फोटो लगेच निवडा आणि व्हॉट्सॲपने पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नेहमीसारखे पाठवले तर ते आकसतात आणि छापताना फुटतात. बाकीच्यांतून निवड कठोरपणे करा. पाचशेतले साठ पुरे. एकाच भाषणाचे बारा सारखे फोटो पाठवले की पाहणारा तेराव्याला थकतो आणि श्रोत्यांपर्यंत पोचतच नाही.

मग प्रत्येक निवडलेल्या फोटोला ओळ लिहा: तारीख, ठिकाण, प्रसंग, आणि "डावीकडून" म्हणून पूर्ण नावं. खिशातला तो कागद इथे कामाला येतो. ओळ फाइलच्या माहितीतच भरता येते, बहुतेक फोटो-सॉफ्टवेअरमध्ये 'कॅप्शन'ची जागा असते, म्हणजे फोटो कुठेही गेला तरी नावं सोबत जातात. आडनावाचं शुद्धलेखन त्या माणसालाच विचारा. हे दुसऱ्याच दिवशी करा. महिन्याभराने तिसऱ्या खुर्चीवर कोण होतं हे अध्यक्षांनाही आठवत नाही.

मालकीचाही उल्लेख करते, कारण पुढे त्यावरून मनं दुखावतात. प्रताधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे फोटोचा पहिला हक्क काढणाऱ्याचा असतो. पण कोणी मोबदला देऊन काढायला सांगितलं असेल, किंवा नोकरीचा भाग म्हणून फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास तो हक्क काम सांगणाऱ्याकडे, म्हणजे संस्थेकडे जातो. तुम्ही पगारी आहात की स्वयंसेवक, आणि तुमचं नाव फोटोखाली येणार का, हे कार्यक्रमाआधी चार ओळींत लिहून घ्या.

लेन्सचं शेवटी मुद्दाम ठेवलं. किट लेन्स ५५ वर असताना ॲपर्चर ५.६ पर्यंतच उघडतं. ५० मिमी, एफ १.८ ही लेन्स तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते आणि जवळजवळ प्रत्येक कंपनीची ती सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी असते. कमी उजेडातल्या वक्त्यासाठी आणि श्रोत्यांच्या चेहऱ्यांसाठी तीच घ्या, शक्य असल्यास वापरलेली, नीट पाहून. टेबलाभोवतीची बैठक आणि समूहफोटो किट लेन्सवरच होतील. ७०-२०० सारखी, लांबचं जवळ आणणारी महाग लेन्स रौप्यमहोत्सवासाठी हवीच वाटली तर एका दिवसाच्या भाड्याने मिळते, पण ती आदल्या दिवशी घरी आणून हाताळा, वजन खूप असतं. मधल्या दोन महिन्यांत ज्या बैठका येतील त्या सगळ्या करा, आणि नौपाड्यात किंवा वाशीत जिथे मोफत व्याख्यान असेल तिथे आयोजकांना विचारून मागच्या रांगेत उभ्या राहा. वक्ता अनोळखी असला की त्याची लय ओळखायचा सराव जास्त चांगला होतो. काढलेले फोटो आयोजकांना देऊन टाका, आणि देताना नावांच्या ओळी लिहूनच द्या.